बोट केव्हा तयार होते?

दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाने तयारी किती करावी, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहारातला आहे. अनुभवी माणसांना विचारावे, ते सांगतील तेवढी तयारी करावी आणि निघावे, एवढ्यावर तो संपायला हवा. परंतु काही प्रवास असे असतात की तेथे हा व्यवहारातला प्रश्न हळूहळू नीतीचा प्रश्न होऊन बसतो. शिडाच्या बोटीतच संसार थाटून महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, समुद्रावर राहणारी माणसे युरोप-अमेरिकेच्या बंदरांत पुष्कळ आढळतात. निघण्यापूर्वी ती आपल्या बोटीची जी डागडुजी करतात, तिच्याकडे आपण जरा बारकाईने पाहिले, तर हा प्रश्न किती खोल जातो ते ध्यानात येते. तो केवळ समुद्रावर जाणाऱ्यांचा नाही, असे आम्हांला वाटते. म्हणून त्याविषयी चार शब्द.

अशी बोट एकाच वेळी घरही असते आणि वाहनही. घराचे छप्पर गळू लागले तर खाली बादली ठेवता येते. बोटीचा तळ गळू लागला तर शेजाऱ्याकडे जाता येत नाही. म्हणून जुनी बोट घेणारा माणूस प्रथम ती पाण्याबाहेर काढतो, टेकू देऊन उभी करतो आणि तळापासून तपासू लागतो. फळ्यांचे सांधे, तळाच्या कण्याला धरून ठेवणारे खिळे, पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या तोट्या, डोलकाठीला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा, सुकाणूची बिजागरे, शिडांची शिवण, इंजिनात जाणाऱ्या तेलाची गाळणी, साचलेले पाणी उपसणारा पंप, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या: या प्रत्येकाची एक चिठ्ठी तयार होते. गंमत अशी की एक काम उरकायला गेले की दोन नवी दिसतात. तोटी बदलायला फळी उचलावी तो खालचे लाकूड कुजलेले निघते. यादी खालून वाढतच राहते. ती पूर्ण झाल्याचे कोणी पाहिले असेल, असे आम्हांला वाटत नाही.

यातून दोन प्रकारची माणसे निपजतात. एक असा की, यादी संपल्याशिवाय निघायचे नाही असे तो ठरवतो. यादी संपत नाही, वर्षे जातात, बोट टेकूंवरच उभी राहते. बोटी दुरुस्त करण्याच्या कोणत्याही आवारात अशी एखादी तरी बोट असते. तिचा मालक दर रविवारी येतो, काहीतरी घासतो, रंगवतो आणि पुढल्या वर्षी नक्की म्हणून घरी जातो. दुसरा असा की, तारीख ठरली म्हणून, लोकांना सांगून बसलो म्हणून, यादी तशीच गुंडाळून तो निघतो. पहिल्याला आपण भित्रा म्हणतो, दुसऱ्याला अविचारी. आणि या दोहोंच्या मधला मार्ग शहाण्याने धरावा असा उपदेश करून मोकळे होतो. उपदेश खोटा नाही. पण मध्य कोठे आहे हे मोजायचे कशाने? यादीतली निम्मी कामे झाली की मध्य आला, असे तर नाही. मोजायला काही दुसरेच माप हवे.

ते माप शोधण्यासाठी आम्ही तिघांच्या गोष्टी पाहणार आहोत. तिघेही नावाजलेले आहेत, आणि तिघांचीही बोट निघताना पूर्ण सज्ज नव्हती.

पहिला जोशुआ स्लोकम. आयुष्यभर मोठ्या शिडाच्या जहाजांवर कप्तानी केलेला हा माणूस, वाफेच्या जहाजांचे युग आल्यावर बेकार झाला. 1892 साली एका जुन्या ओळखीच्या कप्तानाने त्याला एक बोट देऊ केली. ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे एका मोकळ्या शेतात, टेकू लावून, ताडपत्रीखाली कित्येक वर्षे पडून होती. नाव 'स्प्रे'. लांबी जेमतेम 37 फूट. स्लोकमने जवळच एक ओकचा वृक्ष पाडला, त्याचा नवा कणा घडवला, फासळ्यांची लाकडे वाफेवर वाकवली, फळ्या एकेक करून बदलल्या. तेरा महिने लागले आणि सामानाला 553 डॉलर 62 सेंट खर्च आला. हिशेब त्याने सेंटापर्यंत लिहून ठेवला आहे. या बोटीतून 1895 च्या एप्रिलमध्ये तो बॉस्टनहून निघाला आणि 1898 च्या जूनमध्ये, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून परतला.

सगळ्याच फळ्या बदलल्या, तर ही जुनी बोट की नवी, असा तर्क या ठिकाणी कोणीही करील. ग्रीकांनी थिसियसच्या जहाजाविषयी हा वाद फार पूर्वी घातला होता, आणि प्लुटार्कने तो नोंदवून ठेवला. स्लोकमही आपल्या पुस्तकात त्याला थोडक्यात स्पर्श करतो आणि, जहाज जागच्या जागी दुरुस्त होत होत सगळे नवे झाले तरी नाव तेच राहते, या लॉइड्सच्या नियमावर तो सोडून देतो. आम्हांला त्या वादाचे एक वेगळे अंग महत्त्वाचे वाटते. फळ्या बदलल्या, पण त्या बदलणारा माणूस एकच होता. कोणता सांधा पक्का आहे आणि कोणत्या जागी लाकूड थोडे कमी पडले, हे त्याच्या हातांना ठाऊक होते. तेरा महिन्यांत बोट जेवढी घडली, तेवढेच तिच्याविषयीचे ज्ञानही घडले. डागडुजीचे फळ केवळ भक्कम बोट नसते. आपल्या बोटीत काय कच्चे आहे हे जाणणारा माणूस, हे तिचे दुसरे फळ असते.

हे ज्ञान एकदा मिळवून कायमचे पुरत नाही, हेही स्लोकमच्याच आयुष्यात दिसते. उतारवयात बोटीची निगा पूर्वीसारखी राहिली नाही, असे तिला पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे. 1909 साली तो पुन्हा एकटाच निघाला. त्यानंतर तो आणि 'स्प्रे' कोणालाच दिसले नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. मुंबईस असताना त्याने व त्याच्या सोबत्यांनी 32 फुटांची एक शिडाची बोट सागवानी लाकडात बांधून घेतली. येथल्याच सुतारांनी, पिढीजात हत्यारांनी ती घडवली. 'सुहैली' हे तिचे नाव. अरबी खलाशी एका वाऱ्याला त्या नावाने ओळखतात. 1965 मध्ये ती मुंबईहून निघाली आणि आफ्रिकेला वळसा घालून 1967 मध्ये इंग्लंडला पोहोचली.

1968 साली लंडनच्या 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने एक शर्यत जाहीर केली. एकट्याने, कोठेही न थांबता, कोणाचेही साह्य न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करायची. 1 जून ते 31 ऑक्टोबर या काळात ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने निघावे. प्रथम परतणाऱ्याला सोन्याचा गोल आणि सर्वांत कमी दिवसांत परतणाऱ्याला 5000 पौंड. नॉक्स-जॉन्स्टनला खरे तर नवी, वेगवान बोट हवी होती. परंतु पैसे देणारा कोणी भेटेना. मग जी होती तीच 'सुहैली' घेऊन तो 14 जूनला फाल्मथ बंदरातून निघाला. ती बोजड होती, संथ होती, आणि थोड्याच आठवड्यांत तळाशी गळू लागली.

केप व्हर्द बेटांच्या दक्षिणेला त्याने शिडे उतरवली आणि भर समुद्रात तो बोटीखाली बुडी मारू लागला. फळ्यांमध्ये फट पडली होती. एका श्वासात होईल तेवढे करायचे, वर यायचे, पुन्हा बुडायचे, असे करीत त्याने फटीत कापूस ठोकून भरला आणि त्यावर कॅनव्हास व तांब्याची पट्टी खिळ्यांनी बसवली. पुढे त्याचा रेडिओ बंद पडला, आपोआप दिशा राखणारे सुकाणूयंत्र मोडले, पिण्याचे पाणी खराब झाले. विजेच्या यंत्रातील ठिणगीची सूक्ष्म फट मोजायचे साधन जवळ नव्हते, तेव्हा इंचभर जाडीत पुस्तकाची पाने किती बसतात ते मोजून त्यावरून त्याने ती फट बेतली. निघाल्यापासून 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, तो फाल्मथला परतला. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी परतीची रेषा ओलांडणारा तो एकटाच.

तिसरा डोनाल्ड क्रोहर्स्ट. त्याची गोष्ट सांगताना हात जड होतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा छोटा कारखाना चालवणारा हा हुशार माणूस चार मुलांचा बाप होता. धंदा बुडत चालला होता. शर्यत जिंकली तर सगळे सावरेल, या आशेने त्याने तीन अंगांची एक आधुनिक बोट बांधायला घेतली. मध्ये मुख्य अंग, दोन्ही बाजूंना दोन तरंडे. पैसे पुरवणाऱ्याशी झालेल्या कराराने त्याचे घर आणि धंदा दोन्ही गहाण पडले. बोट सप्टेंबरच्या अखेरीस पाण्यात उतरली आणि 31 ऑक्टोबर तर दाराशी येऊन ठेपला. बोट उलटू लागली तर डोलकाठीच्या टोकावरची पिशवी आपोआप फुगावी, अशी युक्ती त्याने योजली होती. त्यासाठी बोटभर तारा ओढलेल्या होत्या; त्या जेथे जोडायच्या ते यंत्र मात्र तयारच नव्हते. अखेरच्या दिवशी घाईघाईत सामान भरले गेले. सुटे भाग धक्क्यावरच राहिले. तळातले पाणी उपसायची नळीही मागे राहिली.

त्याच्या जाण्याच्या आदल्या रात्रीची हकिकत त्याच्या चरित्रकारांनी लिहिली आहे. बोट आपल्या मनासारखी झालेली नाही, असे त्याने पत्नीला सांगितले. आता माघार घेतली तर जन्मभर मनाला लागून राहील का, असे तिने विचारले. तो उत्तर न देता रडू लागला. मला थांबव, असेच तो आपल्या परीने सांगत होता, हे तिच्या ध्यानात आले ते फार पुढे. दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो निघाला.

दोन आठवड्यांनी त्याने आपल्या वहीत बोटीचे दोष एकेक करून लिहून काढले. दक्षिण महासागरात ही बोट टिकणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होते. त्याने ते स्वच्छ लिहिलेही. पण ती वही त्याच्याजवळच राहिली. घरी तारा गेल्या त्या मोघम, आणि डिसेंबरपासून खोट्या. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि आपण विक्रमी वेगाने पुढे जात असल्याचे कळवीत राहिला. या खोट्या बातम्यांचा भार दुसऱ्याच कोणावर पडला. नायजेल टेटली हा स्पर्धक तशाच तीन अंगांच्या बोटीतून जवळजवळ घरी पोहोचला होता. क्रोहर्स्ट पाठीवर आहे असे समजून त्याने आपली खिळखिळी झालेली बोट ताणून हाकली, आणि 21 मे 1969 रोजी ती अझोर्स बेटांजवळ फुटून बुडाली. तो वाचला. आता क्रोहर्स्टला सुखरूप परत येणे म्हणजे पकडले जाणे होते. त्याच्या वहीतील अखेरची नोंद 1 जुलैची आहे. 10 जुलैला त्याची रिकामी बोट एका जहाजाला आढळली. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे 5000 पौंड त्याच्या पत्नीला व मुलांना देऊन टाकले.

क्रोहर्स्टला लबाड म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. त्याच्या बोटीत दोष होते, 'सुहैली'तही होते. त्याच्याकडे पैसे कमी होते. नॉक्स-जॉन्स्टनकडेही कमीच होते. त्याला वेळ फार थोडा मिळाला हे खरे, आणि मुरलेल्या दर्यावर्दीचा अनुभव त्याच्या गाठी नव्हता हेही खरे. पण केवळ एवढ्याने माणूस संपत नाही; तो पुढच्या बंदरात शिरतो, हात वर करतो आणि घरी येतो. त्या शर्यतीतील बहुतेकांनी तेच केले, आणि त्यांना कोणी हसले नाही. क्रोहर्स्टच्या बाबतीत हा रस्ताच बंद झाला होता. करार, वर्तमानपत्रे, गावकऱ्यांचा उत्साह, मुलांच्या डोळ्यांतील कौतुक, या सर्वांमुळे 'बोट तयार नाही' हे तीन शब्द मोठ्याने उच्चारण्याची जागाच त्याला उरली नव्हती. एका रात्री त्याने ती चाचपून पाहिली. पण शब्द धड फुटले नाहीत, आणि ते कोणाला नीट ऐकूही आले नाहीत.

आता ते माप आमच्या हाती येते असे वाटते. यादीतली किती कामे झाली यावर तयारी ठरत नाही. जे झालेले नाही ते निघणाऱ्या माणसाला नेमके ठाऊक आहे काय, आणि ते त्याला कोणासमोर तरी उघड सांगता येते काय, यावर ती ठरते. सांगता येणारा दोष बरोबर घेऊन जाता येतो. त्याच्यासाठी कापूस, तांब्याची पट्टी, खिळे घेता येतात. न सांगता येणारा दोष मात्र माणसाला एकट्याने वाहावा लागतो, आणि समुद्रावर तो दिवसेंदिवस जड होत जातो.

यावर कोणी म्हणेल की खरे बोलल्याने का वादळ टळते? नाही टळत. भारतीय नौदलातील अधिकारी अभिलाष टॉमी यांनी 2018 साली त्याच जुन्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत भाग घेतला. त्यांची 'थुरिया' ही बोट 'सुहैली'च्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली होती. त्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. तयारीत कसूर नव्हती, तरी समुद्राने आपले केले. मात्र हाक मारायची सोय होती, आणि ती मारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे 2022 साली ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले. वाटेत सुकाणूयंत्राचे भाग मोडले, तेव्हा शौचालयाच्या दाराचे लाकूड कापून त्यांनी ते बनवले. आणि 29 एप्रिल 2023 रोजी दुसऱ्या क्रमांकाने ते परत आले. दाराची फळी कोठे लागेल हे कोणत्याच यादीत लिहिलेले नसते. आपली बोट ओळखणाऱ्याच्याच ती नजरेस येते.

हेच माप आपण, कधीही न निघणाऱ्या त्या रविवारच्या मालकालाही लावून पाहावे. रंग अजून वाळायचा आहे, तारा अजून बदलायच्या आहेत, असे तो म्हणतो. पण त्याला जे खरोखर सांगायचे आहे ते यादीत नाही. मला भीती वाटते, किंवा मला आता जावेसे वाटत नाही, किंवा बायकोला यायचे नाही आणि तिला विचारायचे धैर्य मला झाले नाही: यांपैकी काहीतरी ते असते. ते बोलून दाखवले, तर बोट विकून तो सुखाने घरी राहू शकेल, किंवा अर्धी यादी फाडून पुढच्याच मोसमात निघू शकेल. न बोलता मात्र तो घासत राहतो. अशा रीतीने घाईने निघालेला आणि कधीच न निघालेला, हे दोघे एकमेकांपासून वाटतात तितके दूर नसतात. दोघांच्याही बोटीत एकच गोष्ट झाकलेली असते.

आपल्या किनाऱ्यावरच्या नाखव्यांना या बाबतीत निसर्गाने एक सोय करून दिली आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, तळ खरवडले जातात, फळ्या बदलतात, जाळी विणली जातात. समुद्र निवळला की निघायचे; तारीख वर्तमानपत्र ठरवीत नाही. शिवाय हे काम आडोशाला होत नाही. वाळूवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. येणारा-जाणारा थांबतो, फळीवर बोटाने ठोकून पाहतो आणि 'ही नाही टिकायची' म्हणून तोंडावर सांगतो. ऐकणाऱ्याला राग येतो. पण फळी बदलली जाते. इतक्या लोकांनी ठोकून पाहिलेल्या होडीत दोष राहिलाच, तर तो निदान गुपित तरी राहत नाही.

आपल्यापैकी बहुतेकजण समुद्रावर जाणार नाहीत. पण दूर नोकरीला निघालेला मुलगा, लग्नाची तारीख ठरलेली मुलगी, कर्ज काढून दुकान टाकणारा भाऊ, हे सगळे कोणत्या ना कोणत्या धक्क्यावर उभे असतात. आपण त्यांच्याभोवती कौतुकाने गर्दी करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या गर्दीत निदान एका माणसाने तरी जवळ जाऊन, हळू आवाजात, काय राहिले आहे ते विचारावे. उत्तर ऐकायला पुरेसा वेळ घ्यावा. धीराचे बोल लगेच बोलू नयेत. आणि उत्तर न येता डोळ्यांत पाणी आले, तर उद्याची तारीख पुढे ढकलता येईल हे स्वतःच सांगावे. लोक चार दिवस बोलतील. बोट धक्क्याला राहील, आणि माणूस घरी राहील.